स्टिकमन चालतच नाही, घसरतो! पिव्होटवर पहिलं अ‍ॅनिमेशन, अगदी सुरुवातीपासून

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे येतो, यंदा सातवीत गेलाय, आणि आल्या आल्या लॅपटॉप मागितला कारण त्याला स्टिकमनच्या, म्हणजे काड्यांच्या माणसाच्या, मारामारीचं अ‍ॅनिमेशन करायचं होतं. दोन दिवस मान खाली घालून बसला होता. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली आणि म्हणाला, "मामा, हा चालतच नाहीये, घसरतोय बघ ना."

बघितलं तर खरंच तसं होतं. पाय हलत होते पण जमिनीला धरत नव्हते, फरशीवर तेल सांडल्यासारखं चाललं होतं सगळं. मी कॉलेजला असताना नेमका इथेच अडकलो होतो आणि कुणी सांगणारं नव्हतं म्हणून कितीतरी महिने तसाच अडकून राहिलो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, भाच्याला जसं शेजारी बसून दाखवलं तसंच, म्हणजे घरात कुणाला शिकायचं असेल, लहान असो की मोठं, तर समोर ठेवून करता येईल. चित्र काढता येत नसलं तरी चालेल, हे मी अगदी मनापासून सांगतो. इथे चित्रकला लागत नाही, बघायची सवय लागते.

आधी सॉफ्टवेअर

मी पिव्होट अ‍ॅनिमेटर वापरतो आणि नवीन माणसाला तेच सांगतो. पीटर बोन नावाच्या प्रोग्रामरने बनवलंय, विंडोजवर चालतं, फुकट आहे, आणि २० एक वर्षं जुनं असल्यामुळे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. डाऊनलोड करताना पिव्होट अ‍ॅनिमेटर डॉट नेट या त्याच्या स्वतःच्या साईटवरूनच करा. सर्च केलं की दहा ठिकाणी डाऊनलोडची हिरवी बटणं दिसतात आणि त्यातल्या काहींसोबत नको ती सॉफ्टवेअर चिकटून येतात. मशीन जुनं असलं तरी बिनधास्त घ्या, फार जड नाहीये.

लॅपटॉप विंडोजचा नसेल तर पेन्सिल टूडी बघा. ते पण फुकट, मॅक आणि लिनक्सवर पण चालतं, पण त्यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे अ‍ॅनिमेशनमधलं एकेक चित्र, हाताने काढावी लागते, तयार सांध्यांचा माणूस मिळत नाही. आणि फक्त मोबाईलच असेल तर स्टिक नोड्स नावाचं अ‍ॅप आहे, पद्धत बरीचशी पिव्होटसारखीच. खाली हालचालीचं जे सांगतोय ते तिन्हीकडे लागू पडतं, बटणं आणि ठिपके तेवढे वेगळे.

उघडल्यावर काय दिसतं, आणि सगळ्यात महत्त्वाचा केशरी ठिपका

पांढरा कॅनव्हास, त्यावर एक काळा काड्यांचा माणूस, वरच्या बाजूला फ्रेमची पट्टी. माणसाच्या प्रत्येक सांध्यावर लाल ठिपके असतात, कोपर, गुडघा, हात, पाय, डोकं. लाल ठिपका धरून ओढला की ती काडी फिरते. आणि कंबरेवर एक ठिपका वेगळ्या रंगाचा असतो, केशरी, तो ओढला की अख्खा माणूस सरकतो.

या केशरी ठिपक्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी मेख तिथे आहे. नवीन माणूस काय करतो, हातापायांचे लाल ठिपके हलवत बसतो, कारण मजा तिथे दिसते, आणि केशरी ठिपका सगळ्यात शेवटी कुठेतरी ढकलून देतो. ते उलट करायचं. आपल्या शरीराचं वजन साधारण कंबरेच्या आसपास एकवटलेलं असतं, त्यामुळे कंबर कुठून कुठे गेली, किती वेगाने गेली, यावरून बघणाऱ्याला वजन कळतं. हात पाय तिच्या मागे येतात. म्हणून प्रत्येक फ्रेमला आधी केशरी ठिपका जागेवर, मग छाती, मग मांडी, मग गुडघा, मग खांदा, कोपर आणि शेवटी डोकं. या क्रमाला अजून एक कारण आहे. मांडी फिरवली की तिच्या खालची नडगी आपोआप फिरते, पण नडगी फिरवली तर मांडी हलत नाही. उलटीकडून सुरुवात केलीत तर आधी नीट बसवलेला पाय नंतर मांडी हलवताना पुन्हा बिघडतो आणि तेच काम दोनदा करावं लागतं.

एक सावधगिरी. कंट्रोलचं बटण दाबून ठिपका ओढला तर काडी फिरायच्या ऐवजी लांब किंवा आखूड होते. चुकून झालं तर लगेच अनडू करा, नाहीतर पन्नास फ्रेमनंतर कळतं की माणसाचा एक हात दुसऱ्यापेक्षा मोठा आहे.

काम सुरू करायच्या आधी तीन गोष्टी ठरवून टाका. कॅनव्हासचा साईझ ऑप्शन्समध्ये असतो, १२८० बाय ७२० ठेवा, पुढे व्हिडिओ करायचा झाला तर बरा पडतो. फ्रेम रेट १२ ठेवा, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो पण हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एकेक चित्र दोन दोन फ्रेम ठेवायची पद्धत फार जुनी आहे, म्हणजे प्रत्यक्षात चित्रं १२ च होतात आणि डोळ्याला चालतात. २४ च्या मागे लागलात तर काम दुप्पट होईल आणि शिकणं काही दुप्पट होणार नाही. तिसरं म्हणजे ऑनियन स्किन, म्हणजे मागच्या फ्रेमची फिकट राखाडी सावली. ती चालू पाहिजेच, सुरुवातीला एकच ठेवा. तीन चार ठेवल्या की काड्यांचं जंगल होतं.

आता मुख्य बटण, अ‍ॅड फ्रेम. जुन्या व्हर्जनमध्ये याला नेक्स्ट फ्रेम म्हणायचे. माणूस हलवायचा, अ‍ॅड फ्रेम दाबायचं, परत थोडा हलवायचा, परत दाबायचं. बस, एवढंच आहे सगळं. फक्त शेवटची पोझ केल्यावर बटण दाबायला विसरू नका, पोरं हमखास विसरतात आणि मग म्हणतात शेवटची फ्रेम गेली कुठे.

नवीन व्हर्जनमध्ये ट्वीनिंग नावाची सोय आली आहे, म्हणजे दोन पोझच्या मधल्या फ्रेम कॉम्प्युटर स्वतः भरतो. पहिला महिनाभर तिला हात लावू नका. कॉम्प्युटर मधलं अंतर सरळ भागून टाकतो आणि खरं जग तसं चालत नाही, ते आता बॉलमध्ये बघूच.

पहिला आठवडा फक्त बॉल

भाच्याचं तोंड पडलं होतं मी बॉल म्हटल्यावर. त्याला तलवार पाहिजे होती. पण ऐकलंन, आणि तुम्ही पण ऐका.

फाईल मेनूमध्ये क्रिएट फिगर टाईप आहे, तिथे एक काडी दिसते, तिला गोल करायचं बटण असतं, ते दाबा, साईझ बारीक करा, "बॉल" नावाने सेव्ह करून कॅनव्हासवर आणा आणि स्टिकमन डिलीट करा. आता बॉल वरून खाली टाकायचाय.

भाच्याने पहिल्यांदा काय केलं, वरून खालपर्यंत सारखं सारखं अंतर सोडत सहा फ्रेम केल्या. प्ले केलं. बॉल लिफ्टमधून उतरल्यासारखा उतरला. त्याला पण खटकलं, पण का ते सांगता येईना.

कारण वरून पडणारी वस्तू प्रत्येक क्षणाला जास्त जास्त वेग घेते. शाळेत गतीच्या धड्यात शिकलोय आपण, पण तिथे त्याचं सूत्र झालं, इथे ते डोळ्याने दिसतं. सारख्या वेळात पडायचं अंतर १, ३, ५, ७, ९, ११ या विषम आकड्यांच्या प्रमाणात वाढत जातं. गॅलिलिओने शोधलेली गोष्ट आहे ही. या सहा आकड्यांची बेरीज ३६. म्हणजे बॉल ३६० पिक्सेल खाली पडायचा असेल तर पहिल्या फ्रेमला १० पिक्सेल, दुसऱ्याला ३०, मग ५०, ७०, ९० आणि शेवटी ११०. आणि १२ फ्रेमच्या हिशोबाने सहा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, अर्ध्या सेकंदात खरा बॉल साधारण सव्वा मीटर पडतो, म्हणजे मोठ्या माणसाने छातीच्या उंचीवरून सोडलेला बॉल. बघा, आकडे नुसते कागदावरचे नाहीत.

पण पिव्होटवर पट्टी कशी लावायची? याला मी एक उपाय करतो. पेंट उघडा, कॅनव्हास एवढ्याच साईझचं पांढरं चित्र घ्या आणि त्यावर फिकट आडव्या रेघा मारा. पहिली रेघ जिथून बॉल सुटणार तिथे, मग तिच्यापासून खाली १०, ४०, ९०, १६०, २५० आणि ३६० पिक्सेलवर, शेवटची म्हणजे जमीन. पेंटमध्ये खालच्या पट्टीवर माऊसची जागा पिक्सेलमध्ये दिसत असते त्यामुळे मोजायला सोपं जातं. हे चित्र सेव्ह करून पिव्होटमध्ये लोड बॅकग्राऊंडने आणा. आता प्रत्येक फ्रेमला बॉल पुढच्या रेघेवर ठेवत जा. काम झालं की बॅकग्राऊंड काढून टाकायचं.

उसळी पण अशीच. वर जाताना तोच हिशोब उलटा, जमिनीपासून ९०, ७०, ५०, ३०, १०, म्हणजे पाच फ्रेममध्ये २५० पिक्सेल वर, मग खाली येताना १०, ३०, ५०, ७०, ९०. त्याच्या पुढची उसळी चार फ्रेमची, १६० पिक्सेलची, मग तीन फ्रेमची ९० ची. या उसळ्यांच्या रेघा वेगळ्या पडतात, वेगळ्या रंगाने मारा म्हणजे गोंधळ नाही. दुसऱ्यांदा असं करून भाच्याने प्ले दाबलं तेव्हा बॉल टप टप टप करत थांबला आणि तो नुसता हसत बघत राहिला, मग परत प्ले, परत प्ले. आवाज नव्हता तरी टप्पा ऐकू येत होता, अगदी खरं सांगतो.

दोन दिवस याच बॉलचे प्रकार करा. कॅरमच्या सोंगटीसारखा घसरत हळूहळू थांबणारा, टेबलावरून ढकललेला, प्लास्टिकचा हलका, क्रिकेटचा जड जो दोन टप्प्यात थांबतो. जड बॉल लवकर थांबतो, हलका बॉल जास्त उड्या मारतो, चित्र तेच, गोल तोच, फक्त अंतरं बदलली की वजन बदलतं. ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की अर्धं काम झालं.

उडी, म्हणजे तोच बॉल

स्टिकमन परत आणा. त्याला जागच्या जागी उडी मारायला लावायचं. आता लक्षात घ्या, पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत तो केशरी ठिपका म्हणजे बॉलच आहे. हवेत कुणाला काही धरायला नसतं, त्यामुळे तिथे तीच अंतरं, वर जाताना ७०, ५०, ३०, १०, खाली येताना १०, ३०, ५०, ७०. हात पाय हवेत काहीही करोत, केशरी ठिपका आपला नियम सोडत नाही.

पण उडीच्या आधी आणि नंतर जे असतं ते जास्त महत्त्वाचं. आत्ता उठून उभे राहा आणि उडी मारून बघा. गुडघे न वाकवता नीट उंच उडी मारता येते का? नाही ना येत. म्हणजे आधी तीन चार फ्रेम खाली बसणं, कंबर खाली, छाती पुढे, हात मागे. सगळ्यात खालच्या पोझला दोन फ्रेम तसंच राहू द्या. मग एका फ्रेममध्ये पाय ताणलेले, हात वर, पाय अजून जमिनीवरच. मग हवेत. खाली आल्यावर पाय टेकतात त्या फ्रेमला पाय जवळजवळ सरळ असतात, आणि त्याच्या पुढच्या दोन फ्रेममध्ये कंबर खाली दबते, गुडघे वाकतात, मग सावकाश पाच सहा फ्रेम घेऊन उभा राहतो. टेकल्या टेकल्या ताठ उभा केलात तर तो माणूस कागदाचा वाटतो.

एकच पोझ थांबवून ठेवायची असेल तर तीच फ्रेम रिपीट करायची सोय आहे, त्यासाठी सारखं अ‍ॅड फ्रेम दाबत बसायची गरज नाही. वरच्या पट्टीत फ्रेमवर राईट क्लिक केलं की कॉपी, पेस्ट, डिलीट सगळं मिळतं.

आता चालणं

इथे वेळ द्या. आठवडा गेला तरी चालेल, दोन गेले तरी चालतील.

भाच्याला मी आधी लॅपटॉपवर बसूच दिलं नाही. आमच्या घराच्या पॅसेजमध्ये चौकोनी लाद्या आहेत, तिथे त्याला चालायला सांगितलं आणि मी खाली बसून मोबाईलने बाजूने व्हिडिओ काढला, मोबाईल एका जागी स्टुलाला टेकवून, हलवायचा नाही. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. लाद्यांच्या फटींमुळे पाऊल किती पडलं ते मोजता येतं. आणि त्यात दोन गोष्टी त्याला स्वतःलाच दिसल्या. एक, जो पाय टेकलाय तो अजिबात हलत नाही, टेकल्यापासून उचलेपर्यंत एकाच फटीला चिकटून असतो, शरीर त्याच्यावरून पुढे जातं. दोन, डोकं सरळ रेषेत जात नाही, थोडं वर थोडं खाली होत जातं. याच दोन गोष्टी त्याच्या अ‍ॅनिमेशनमध्ये नव्हत्या.

आता आकडे. सहज चालताना एका पावलाला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे आपल्या सहा फ्रेम. दोन पावलं झाली की एक चक्र पूर्ण, १२ फ्रेम. समजा तुमच्या स्टिकमनचा पाय कंबरेपासून खालपर्यंत १०० पिक्सेल आहे आणि एक पाऊल ९० पिक्सेलचं, तर केशरी ठिपका प्रत्येक फ्रेमला १५ पिक्सेल पुढे. परत पेंटमध्ये जाऊन जमिनीची एक आडवी रेघ आणि दर १५ पिक्सेलला बारीक उभ्या खुणा करा आणि बॅकग्राऊंड म्हणून घ्या. लाद्यांचं काम आता या खुणा करतील.

फ्रेम १, दोन्ही पाय फाकलेले, कंपास उघडल्यासारखे, पुढचा पाय नुकताच टेकलेला. यावेळी कंबर उभं राहिल्यापेक्षा साधारण ११ पिक्सेल खाली पाहिजे. का, तर पायथागोरस करून बघा, तिरका पाय १०० चा, निम्मं पाऊल ४५ चं, उंची ८९ येते. फ्रेम २, पुढच्या पायावर वजन येतं, गुडघा किंचित वाकतो, कंबर अजून तीन चार पिक्सेल खाली, ही सगळ्यात खालची पोझ. फ्रेम ३, वर यायला लागतो, मागचा पाय जमीन सोडतो. फ्रेम ४, टेकलेला पाय सरळ उभा, दुसरा पाय गुडघ्यात वाकून त्याच्या शेजारून जातोय, इथे कंबर सगळ्यात वर. फ्रेम ५ आणि ६, शरीर पुढे झुकतं, कंबर खाली येत जाते, हवेतला पाय पुढे लांब होतो. फ्रेम ७ म्हणजे परत फ्रेम १ च, फक्त पाय बदललेले.

शिकवणाऱ्या बऱ्याच तक्त्यांमध्ये कंबर सगळ्यात वर पाय शेजारून गेल्यानंतरच्या पोझमध्ये दाखवतात. ते बरोबर आहे, पण त्या चित्रांना पावलं असतात आणि टाच उचलून माणूस अजून वर जातो. आपल्या पिव्होटच्या माणसाला पाऊलच नाही, काडी संपते तिथे पाय संपला, त्यामुळे त्याचा पाय उभा असतानाच तो सगळ्यात उंच होऊ शकतो. तक्ता बघून तसंच करायला गेलात तर पाय जमिनीवरून सुटेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल.

आता घसरण्यावरचा उपाय, नीट वाचा. केशरी ठिपका १५ पिक्सेल पुढे नेला की अख्खा माणूस पुढे जातो, म्हणजे टेकलेला पाय पण पुढे जातो. इथेच घसरतो तो! कंबर सरकवल्यावर लगेच त्या टेकलेल्या पायाकडे जायचं आणि मांडी आणि गुडघा फिरवून पायाचं टोक मागच्या फ्रेमच्या राखाडी सावलीतल्या टोकावर बरोब्बर आणून ठेवायचं. अगदी झूम करून. काळं टोक राखाडी टोकावर बसलं पाहिजे, एक पिक्सेल इकडे तिकडे नको. पाय पुरत नसेल तर समजायचं कंबर जास्त वर नाहीतर जास्त पुढे गेली, कंबर दुरुस्त करा, काडी ओढून लांब करू नका. प्रत्येक फ्रेमला हेच, कंबर, टेकलेला पाय, मग बाकीचं. भाचा तोंडाने म्हणत म्हणत करायचा, कंबर, पाय, बाकीचं, कंबर, पाय, बाकीचं.

हात पायांच्या उलट, उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे. आणि दोन्ही पाय काळे असल्यामुळे सातव्या आठव्या फ्रेमला कुठला कुठला तेच कळेनासं होतं, म्हणून नवीन व्हर्जनमध्ये फिगर एडिट करून एक पाय आणि एक हात गडद राखाडी करून घ्या, लांबच्या बाजूचे. बघणाऱ्यालाही त्याने खोली वाटते.

भरलेली बादली

चालणं जमलं की मारामारीकडे पळू नका अजून, हा एक सराव करा, मला स्वतःला सगळ्यात जास्त यानेच शिकवलं. स्टिकमनने खाली ठेवलेली बादली दोन्ही हातांनी पुढून उचलायची. आधी रिकामी, मग भरलेली. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो पाणी. आपल्या न्हाणीघरात जाऊन खरंच उचलून बघा आणि घरातल्या कुणालातरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, पाठ सांभाळून, गुडघ्यात वाकून.

रिकामी बादली हात लागल्याबरोबर वर येते. वाकायला चार फ्रेम, उचलायला तीन, झालं. भरलेलीचं तसं नाही. हात कडीला लागतात आणि मग चार पाच फ्रेम बादली हलतच नाही. फक्त माणूस हलतो, कोपरं सरळ ताणली जातात, कंबर मागे आणि खाली जाते. मग बादली सुटते ती पण २ पिक्सेल, मग ४, मग ८, मग १२, आणि वर येता येता परत ८, ४, २. उभा राहिल्यावर तो ताठ नसतो, छाती मागे झुकलेली असते, कारण पुढे १५ किलो लटकतंय आणि माणूस आणि बादली मिळून जो तोल आहे तो पायांच्या वरच राहायला पाहिजे. छाती सरळ ठेवलीत तर बादली थर्माकोलची वाटते.

बादली फिगर बिल्डरमध्येच, म्हणजे क्रिएट फिगर टाईपने उघडते त्या खिडकीत, चार काड्यांची करा आणि प्रत्येक फ्रेमला तिचा केशरी ठिपका हाताच्या टोकावर आणून ठेवा. कंटाळवाणं आहे. पण करा.

यानंतर मारामारी केलीत तर बघा फरक. ठोसा मारायच्या आधी तीन चार फ्रेम मागे जाणं, ठोसा स्वतः एकाच फ्रेमचा, मधली फ्रेम नकोच, आणि लागल्यावर दोन तीन फ्रेम दोघंही गोठलेले. मग ज्याला लागला त्याचा केशरी ठिपका सगळ्यात आधी मागे फेकला जातो आणि डोकं, हात एक फ्रेम उशिरा. बादलीत जे शिकलात तेच आहे सगळं.

स्वतःचा माणूस

पिव्होटचा काळा माणूस सगळेच वापरतात. थोडं जमायला लागलं की आपला बनवा. मला वारलीचा माणूस फार जवळचा वाटतो, पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढतात तो, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, बारीक हात पाय आणि गोल डोकं. त्या दोन त्रिकोणांच्या मधली जी बारीक जागा आहे ती कंबर, आणि तिथे वाकलं की माणूस जिवंत होतो. केशरी ठिपका नेमका तिथेच ठेवायचा. बिल्डरमध्ये वरचा त्रिकोण एका काडीवर, खालचा दुसऱ्यावर, आणि त्रिकोणाच्या बाजूच्या काड्या स्टॅटिक करून टाका म्हणजे चुकून फिरणार नाहीत. असा एक नीट चालवता आला की त्याच्या कॉपी करून तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरणारी रांग करता येते, प्रत्येकाला एक एक फ्रेम उशिरा हलवायचं, म्हणजे सापासारखी लाट रांगेतून जाते. फक्त कुठे शेअर केलंत तर ही वारली लोकांची कला आहे एवढं सोबत लिहा, ते त्यांचं देणं आहे.

सेव्ह आणि एक्सपोर्ट

प्रोजेक्टची फाईल पीआयव्ही असते, फिगरची एसटीके. जीआयएफ किंवा व्हिडिओ करणं म्हणजे सेव्ह करणं नव्हे, त्या व्हिडिओत परत जाऊन गुडघा हलवता येत नाही. माझं कॉलेजमधलं एक मोठं काम असंच गेलं, तीनशेच्या वर फ्रेम होत्या, एकाच फाईलवर महिनाभर सेव्ह करत होतो आणि एके दिवशी पेन ड्राईव्ह नीट न काढता ओढला, फाईल उघडलीच नाही परत. तेव्हापासून रोजचं नवीन नाव, चालणे १, चालणे २, चालणे ३, आणि आठवड्यातून एकदा सगळं गुगल ड्राईव्हवर.

छोट्या चक्रासाठी जीआयएफ बरं, मोठ्यासाठी व्हिडिओ. आवाज टाकायचा तर व्हिडिओ बाहेर काढून ओपनशॉटसारख्या फुकट एडिटरमध्ये टाका. आवाज घरीच करा, उशीवर हात आपटला की पडल्याचा आवाज येतो, आणि बादलीचा बादलीनेच.

भाचा जायच्या आदल्या दिवशी त्याने भरलेल्या बादलीचं अ‍ॅनिमेशन दाखवलं, ६४ फ्रेमचं. माणूस येतो, वाकतो, ओढतो, बादली हलत नाही. तो कंबर सरळ करतो, दोन्ही हात कंबरेवर ठेवून आठ फ्रेम नुसता बादलीकडे बघत उभा राहतो, आणि मग परत वाकतो. त्या आठ फ्रेम मी सांगितल्या नव्हत्या. मी विचारलं हे कुठून आणलंस, तर म्हणाला, "आजी असंच करते ना."